हिरवी मादी

खामगावच्या दवाखान्यात गोपालला दाखल केल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना खाटेजवळ बोलावलं. घरचे म्हणजे बायको रुपाली आणि आई रुक्मिणीबाई. ज्यांच्या फार्महाऊसवर तो कामाला होता ते हिंमतरावही सोबत होते. ताप उतरत नव्हता, छातीचा फोटो जवळजवळ पांढरा आला होता, आणि कोणतंच औषध लागू पडत नव्हतं.

"हा काम काय करतो?" डॉक्टरांनी विचारलं. "कोंबड्या, कबुतरं, कुठले पक्षी हाताळतो का?"

"कोंबड्या नाई घरी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "एक गाय हाये."

कामाचं हिंमतरावच सांगू शकत होते, म्हणून रुपालीने त्यांच्याकडे पाहिलं.

"केळीच्या बागेत पाणी धरते," हिंमतराव म्हणाले. "पक्षी-बिक्षी काई नाई डॉक्टरसाहेब."

मास्कच्या आतून गोपाल काहीतरी बोलला. ते कोणाला कळलं नाही. त्याने उजवा हात उचलला, बोटं हवेत हलवली. हिंमतरावांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गादीवर टेकवून धरला. "बोलू नको बाप्पा. दम लागते. पडून राह्य." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले तरी त्यांनी हात सोडला नव्हता. रुपालीला ते पाहून भरून आलं. ऐंशी एकरांचा धनी, आणि नोकराचा हात धरून बसला होता.

पाचव्या दिवशी गोपाल गेला. एकतीस वर्षांचा होता.

तेरवी झाल्यावर हिंमतराव स्वतः घरी आले. रुक्मिणीबाईंना लुगडं, रुपालीला साडी, दोघींसाठी आहेर आणला. रुक्मिणीबाई त्यांच्या पाया पडल्या. "पोरगी बीए झालेली हाये, कॉम्प्युटर येते तिले," हिंमतराव म्हणाले. "गोपालच्या जागी तिले घेतो. फार्महाऊसचं बुकिंग पाहीन. घरी बसून काय करीन बिचारी?"

दिवाळीनंतर रुपाली कामावर जाऊ लागली. संग्रामपूरपासून पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी हिंमतरावांची केळी आणि संत्र्याची बाग होती. बागेच्या वरच्या अंगाला त्यांनी आठ खोल्या बांधल्या होत्या. अभयारण्य पाहायला येणारे लोक तिथे उतरत. खोल्यांच्या मागे जाळीचं एक मोठं घर नव्यानेच उभं राहिलं होतं. पाहुण्यांना तिकडे जायला मनाई होती. पहिल्या आठवड्यात हिंमतरावांनी तिला तिथे नेलं.

आत चार पोपट होते. रुपालीने आयुष्यभर पाहिलेले पोपट हरभऱ्यावर आणि पेरूवर तुटून पडणारे, लांब शेपटीचे. हे त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे, जाड मानेचे, आखूड शेपटीचे. दोन हिरवेगार होते, त्यांच्या चोची पिकल्या संत्र्याच्या रंगाच्या. दोन लालभडक होते, पोटावर जांभळा पट्टा आणि काळी चोच. पिसं इतकी दाट की केसाळ कातडं पांघरल्यासारखं वाटे.

"समुद्रापलीकडच्या बेटावरचे हायेत," हिंमतराव म्हणाले. "तिकडच्या घनदाट जंगलातले. सगळ्या जिल्ह्यात माह्याच घरी भेटतीन. दोन जाती हायेत. एक हिरवी, एक लाल."

"कधी आणले भाऊ?"

"आता. दिवाळीच्या आधी."

तिने मान हलवली. दिवाळीच्या आधी म्हणजे गोपाल गेल्यानंतर. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

पोपटांना खाऊ घालायला ठेवलेला माणूस महिनाभरात पळाला. लाल पोपटाने त्याच्या अंगठ्याचा तुकडा काढला होता. मग ते काम रुपालीवर आलं. सकाळी पपई, डाळिंब, उंबरं, शिजवलेला मका. तिला आवडायला लागलं. हिरवे शांत होते, हातावर येऊन बसत. लाल मात्र जवळ येऊ देत नसत. जाळीच्या घरात सालईच्या झाडाचं एक पोकळ खोड उभं केलेलं होतं. लालांतली एक त्या ढोलीत जी शिरली ती बाहेर यायला तयार होईना. दुसरी लाल खोडाच्या आसपास जरी फिरकली तरी आतली झेप घेऊन तिला फाडायची.

आणि एक गोष्ट रुपालीच्या ध्यानात आली. दोन्ही हिरवे पपई खायचे, उडून ढोलीच्या तोंडाशी जायचे आणि चोचीत चोच घालून आतल्या लालला भरवायचे. एक झाला की दुसरा. माघ महिन्यात तिने त्यातल्या एका हिरव्याला लालवर चढलेलं पाहिलं. त्या दिवशी जेवताना तिने मोबाईलवर शोधलं. न्यू गिनी, सॉलोमन, अशा बेटांवरच्या जंगलात राहणारा हा पक्षी. नाव एक्लेक्टस. जात एकच. हिरवा तो नर, लाल ती मादी. रंग इतके वेगळे की साहेब लोकसुद्धा शंभर वर्षं त्यांना दोन जाती समजत होते. तिकडच्या उंच झाडांत चांगल्या ढोली फार थोड्या असतात. म्हणून ढोलीसाठी माद्या एकमेकींचा जीवही घेतात.

हे हिंमतरावांना सांगायला ती एकदा ऑफिसात गेलीही होती. ते फोनवर कोणाला तरी म्हणत होते, "हिरव्याची जोडी अन् लालची जोडी, दोन्ही हायेत आपल्यापाशी." तिला पाहून त्यांनी हातानेच बाहेर थांब म्हणून खुणावलं. ती अर्धा तास थांबली आणि परत आली. ते राहूनच गेलं.

फाल्गुनात ढोलीबाहेरची लाल आजारी पडली. मानेवर जखम, पिसं फुगवून एका जागी बसलेली, हगवण पाण्यासारखी. हिंमतरावांनी तिला टोपलीत घालून अकोल्याला न्यायला सांगितलं. "एकच ने. बाकीचे हायेत म्हणून सांगू नको. कोणाचे म्हणलं तं तुह्या पाहुण्याचे म्हणजो." गाडी चालवायला इंद्रभान होता. हिंमतरावांकडे तो पंधरा वर्षं ड्रायव्हर होता.

अकोल्याच्या पक्ष्यांच्या डॉक्टर काजल वयाने रुपालीएवढ्याच असतील. त्यांनी टोपलीचं झाकण उघडण्याआधी तोंडाला मास्क लावला आणि एक रुपालीलाही दिला.

"ही मादी आहे. हिला दुसऱ्या मादीने फाडलंय," त्या जखम पाहत म्हणाल्या. "पण आजार वेगळाच दिसतोय. तपासणीला पाठवते. तुम्ही रोज यांच्यात असता ना? खोकला, ताप?"

"नाई."

"मास्कशिवाय विष्ठा झाडू नका. पोपटांचा ताप माणसाला लागतो. लांबून, कोंडून आणलेल्या पक्ष्यांत तो फार असतो. वाळलेली धूळ श्वासातून आत गेली की आठ-दहा दिवसांत जोराचा ताप चढतो. फुप्फुसं भरतात."

रुपालीने टोपलीची कड घट्ट धरली. "अन् मंग?"

"मग काही नाही. साध्या गोळ्या आहेत, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. दोन-तीन आठवडे घेतल्या की माणूस बरा होतो. फक्त डॉक्टरला सांगायला हवं की हा पक्ष्यांत काम करतो. ते नाही कळलं तर नेहमीची औषधं देत बसतात, आणि ती यावर चालत नाहीत."

येताना शेगावच्या अलीकडे रुपालीने गाडी थांबवायला सांगितली. इंद्रभानला वाटलं तिला मळमळतंय. त्याने गाडी बाभळीखाली घेतली.

"इंद्रभानभाऊ," ती म्हणाली, "हे पाखरं कधी आले?"

"मले काय मालूम?"

"तुमच्याच गाडीत आले असतीन. मी कोणाले सांगणार नाई. तुमच्या पोरीची आण घालू का तुमाले?"

इंद्रभानने चाकावरचे हात खाली घेतले.

"मलकापूरच्या स्टेशनावरून आणले," तो म्हणाला. "सहा होते. भाजीच्या जाळीदार पेट्यांत, खाली कोंबून. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी. मागच्या टिनाच्या खोलीत ठेवले. भाऊनं गोपालले सांगतलं, घरी बी बोलाचं नाई. देवाची आण घातली. पह्यल्याच हप्त्यात दोन मेले. गोपालनंच पुरले, लिंबोणीखाली. खोलीबी तोच झाडे. मंग त्याले ताप आला."

"भाऊले मालूम होतं? पाखराचा ताप म्हणून?"

"ज्यानं पाखरं धाडले त्याचा फोन आला होता. मी गाडी चालवत होतो, भाऊ मागं बसले होते, स्पीकर लावून. थो म्हणे, पाखरं मेले असतीन तं मानसाले जपा, डॉक्टरले सांगा. भाऊ म्हणे, हाव हाव, पाह्यतो." इंद्रभानचा आवाज खाली गेला. "दवाखान्यात गेलो त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट हाये."

रुपालीला हवेत हलणारी बोटं दिसली. गोपाल आण मोडत होता. मरायला टेकल्यावर का होईना, सांगत होता. आणि तो हात दाबून धरला होता. ती समोर उभी होती, आणि मनात म्हणत होती, किती मोठ्या मनाचा माणूस.

"तुम्ही तवा काऊन नाई बोलले?"

"मी खाली गाडीत होतो," इंद्रभान म्हणाला. गाडी सुरू करत तो म्हणाला, "बोललो नसतोच. खोटं काय सांगू?"

त्यानंतरचे पंधरा दिवस रुपाली कामावर जात होती, रजिस्टर भरत होती, पाहुण्यांना किल्ल्या देत होती. घरी तिने सासूला काही सांगितलं नाही. डोक्यात मात्र एकच गोष्ट दळली जात होती. उंदराचं औषध पपईत घालावं, असं तिला वाटलं. एक दिवस पुडी घेऊन ती जाळीच्या दाराशी उभीही राहिली. हिरवा नेहमीसारखा उडून जवळ आला आणि जाळीला चोच लावून बसला. त्या पाखराचा तिला राग आला. त्यांच्याच धुळीने तिचा माणूस नेला होता. पण पाखरं मेली तर हिंमतरावांचं काय जाणार होतं? ते दुसरी आणतील, आणि ती झाडायला दुसऱ्या कोणाचा तरी नवरा ठेवतील. तिने पुडी संडासात ओतली.

तिला हिंमतराव मेलेले नको होते. चार लोकांत ताठ मानेने बसायची त्यांची जी जागा होती, ती गेलेली तिला पाहायची होती. आणि तो हात का धरला, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं, रुक्मिणीबाईंच्या समोर.

वाट हिंमतरावांनीच दाखवली. त्या वर्षी सरकारने परदेशी पक्ष्यांची नोंदणी सक्तीची केली होती. नोंदणी झाली की पोपट उजळ माथ्याने पाहुण्यांना दाखवता येणार होते. हिंमतरावांनी नागपूरचा एक एजंट गाठला. तो म्हणाला, पक्ष्यांची यादी आणि फोटो पाठवा. जुन्या तारखेची खरेदीची पावती आणि नर-मादीचे रक्ततपासणीचे दाखले मी तयार करतो. पोपटांत नर-मादी सारखेच दिसतात, म्हणून दाखला लागतोच.

हिंमतरावांनी रुपालीला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि स्वतः मागे खुर्ची टाकून बसले.

"लिही. हिरव्या जातीची एक जोडी. लाल जातीची एक जोडी."

रुपालीची बोटं कळांवर थांबली. एक वाक्य पुरलं असतं. भाऊ, हिरवे दोघंही नर हायेत.

"हिरव्यात नर कोणता लिहू भाऊ?" तिने विचारलं.

"लिही काईबी. मोठा थो नर. बारका ते मादी."

"अन् लालमंदी?"

"ढोलीतून बाहीर येत नाई ते मादी लिही. दुसरा नर. डोकं चालवत जाय ना पोरी."

"हाव भाऊ."

तिने लिहिलं. हिरवा नर, हिरवी मादी, लाल नर, लाल मादी. एकाही अक्षराची चूक न करता तिने तक्ता केला, प्रत्येकासमोर फोटो लावला, प्रत्येक पानाच्या खाली हिंमतरावांचं पूर्ण नाव आणि सहीसाठी ओळ ठेवली. छापून पुढे केलं. "वाचून घ्या भाऊ," ती म्हणाली. तेवढी संधी तिने दिली. हिंमतरावांनी न वाचता चारही पानांवर सह्या केल्या. आठ दिवसांत एजंटाकडून दाखले आले. गोल शिक्का, प्रयोगशाळेचं नाव, खाली डॉक्टरची सही. एक्लेक्टस, हिरवा, मादी. तो कागद फाईलला लावताना रुपालीला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर भूक लागली.

अर्ज गेल्यावर तिने वनखात्याच्या ऑफिसला एक पत्र टाकलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं. पाहणीला याल तेव्हा पक्ष्यांचा जाणकार सोबत आणा, एवढीच विनंती. मग काजल डॉक्टरांना फोन केला आणि पोपट पाहुण्याचे नाहीत हे सांगून टाकलं.

"तुमची नोकरी जाईल हे ठाऊक आहे ना?" काजल म्हणाल्या.

"मले ते नोकरी काऊन भेटली ते ठाऊक झालं मॅडम. तुमाले बोलावलं तं येसान का?"

"येईन."

श्रावणात पाहणीची तारीख कळली. हिंमतरावांना वाटलं सर्टिफिकेट द्यायलाच साहेब येतायत.

"लोकाइले बोलवा ना भाऊ," रुपाली म्हणाली. "सरकारी मानसं आपल्या दारी येऊन राह्यले. फोटो चांगले येतीन."

हिंमतरावांना ते पटलं. त्यांनी मंडप घातला, गावातली पन्नास-साठ माणसं बोलावली, पोहे आणि जिलबी ठेवली. रुपालीने सासूलाही आणलं. नेसताना रुक्मिणीबाईंनी तेरवीला आलेलं लुगडंच काढलं. रुपालीने पाहिलं आणि त्यांना ते नेसू दिलं.

वनखात्याचे एक अधिकारी, दोन शिपाई आणि काजल डॉक्टर अकराच्या सुमारास आले. हिंमतरावांनी अधिकाऱ्यांच्या गळ्यात हार घालायला हात पुढे केला, त्यांनी हार हातात घेऊन टेबलावर ठेवला. जाळीच्या घराबाहेर सगळे गोळा झाले. काजल आत जाऊन आल्या, मास्क काढला, आणि फाईल मागितली. एकेक पान पाहत त्या एका दाखल्यावर थांबल्या.

"हिंमतराव, यांतली हिरवी मादी कोणती?"

"ते बारकी, मॅडम. डाव्या अंगाची."

"ही मादी आहे? नक्की?"

"रक्त तपासलं ना. दाखला लावला हाये."

"आणि ढोलीबाहेरचा हा लाल नर?"

"हाव."

काजलनी दाखला अधिकाऱ्यांच्या हातात दिला. "साहेब, या पक्ष्यात हिरवा तो नर आणि लाल ती मादी. जन्मतः. हिरवी मादी कुठे सापडत नाही. लाल नर पण नाही. तरी या प्रयोगशाळेला दोन्ही सापडलेत." त्या जाळीकडे वळल्या. "आणि तुम्ही ज्याला लाल नर म्हणता त्या मादीवर मी स्वतः फाल्गुनात पोपटांच्या तापाचे उपचार केलेत."

मंडपात कुजबुज झाली. मागे कोणीतरी फसकन हसलं. अधिकाऱ्यांनी पावती मागितली, प्रयोगशाळेचा फोन नंबर मागितला, तिथल्या तिथे लावून पाहिला. नंबर कोणा कापडवाल्याचा निघाला. हिंमतरावांचा चेहरा उतरत गेला. ते रुपालीकडे वळले.

"हे यादी हिनं केली साहेब. पोरीची चूक झाली."

"सह्या तुमच्या आहेत," अधिकारी म्हणाले. मग त्यांनी रुपालीला विचारलं, "पक्षी तुम्ही सांभाळता?"

"आता मी सांभाळतो. आधी माहा नवरा सांभाळे."

"ते कुठे आहेत?"

"मेले." रुपालीचा आवाज मोठा नव्हता, पण मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "हे पाखरं दिवाळीले नाई आले साहेब. पोळ्याच्या आधी आले, चोरून. सहा होते. दोन मेले, ते माह्या नवऱ्यानं पुरले अन् त्याले त्याईचा ताप लागला. डॉक्टरनं इचारलं, पक्षी हायेत का? भाऊ म्हणे, नाई. साध्या गोळ्यानं बरा झाला असता. या मॅडमले इचारा."

"काय बोलून राह्यली हे!" हिंमतराव लोकांकडे पाहत म्हणाले. "दवाखान्याचा सारा खर्च म्या केला. इचारा हिच्या सासूले."

"पोळ्याच्या आधीच आले," मागून इंद्रभान म्हणाला. तो गाडीला टेकून उभा होता. पुढे आला नाही, पण बोलायचा थांबलाही नाही. "मलकापूरहून म्याच आणले. ताप लागते म्हणून भाऊले फोन आला होता. म्या आयकला."

रुपाली हिंमतरावांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"गोपाल सांगत होता," ती म्हणाली. "तुम्ही त्याचा हात काऊन दाबला?"

"म्या धीर देत होतो त्याले."

"काऊन दाबला, भाऊ?"

त्यांनी मान वळवली तर तिकडे रुक्मिणीबाई होत्या. म्हातारी पुढे आली नव्हती, पण तिने डोक्यावरचा पदर मागे केला होता आणि ती थेट त्यांच्याकडे पाहत होती. हिंमतराव खुर्चीवर बसले.

"मले वाटलं दोन दिसात बरा होईन," ते म्हणाले. "सांगतलं असतं तं पाखरं गेले असते. एवढं होईन असं नोतं वाटलं."

रुक्मिणीबाई वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. रुपाली त्यांच्यामागे गेली नाही. तिला अजून पाहायचं होतं. लोक पोहे तसेच टाकून उठत होते, हिंमतरावांच्या चुलतभावाने त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, आणि शिपाई जाळीच्या दाराला सील लावत होता. ती शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. तिला आनंद झाला. तो तिने कोणापासून लपवला नाही.

घरी आली तेव्हा रुक्मिणीबाई जुन्या पातळात गोठ्यात बसल्या होत्या. तेरवीचं लुगडं गाईच्या खाली अंथरलेलं होतं, आणि गाय त्यावर उभी होती.

"त्याच्या पाया पडली व मी," त्या म्हणाल्या. "तू मले आंधीच काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही त्याच्या दारात जाऊन रडल्या असत्या आत्याबाई. तो सावध झाला असता."

म्हातारीने गाईच्या पाठीवर हात फिरवला. "हाव," ती म्हणाली. "रडलीच असती."

पोपट वनखात्याने नेले. काजल डॉक्टरांचा एकदा फोन आला. त्यांना पुन्हा बेटावर सोडता येत नाही, असं त्या म्हणाल्या. ते नेमके कोणत्या बेटावरून आले हेच कोणाला ठाऊक नाही, आणि आजार तिकडच्या जंगलात जायचा धोका. ते आता नागपूरकडच्या एका केंद्रात जन्मभर राहतील. ढोलीबाहेरची लाल मादी प्रवासात मेली होती. रुपालीने ते ऐकून घेतलं. तिला त्या पाखराचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

फार्महाऊस बंद पडलं. तिथे झाडलोट करणाऱ्या तीन बायकांचं काम गेलं. त्यातली एक बाजारात रुपालीला तोंडावर म्हणाली, "तुह्या सुडापायी आमचं पोट मारलं." रुपालीने तिला उलट उत्तर दिलं नाही. तिच्यासाठी तिने दोन ठिकाणी शब्द टाकला आणि स्वतःला संग्रामपूरच्या एका सेवाकेंद्रात फॉर्म भरायचं काम शोधलं. इंद्रभान जळगावकडे ट्रकवर गेला. एजंट आणि हिंमतराव दोघांवर खोट्या कागदांचा गुन्हा दाखल झाला. अकरा दिवसांनी हिंमतराव जामिनावर सुटून आले.

गोपालच्या मरणाचा गुन्हा मात्र दाखल झाला नाही. पोलीस म्हणाले, तेव्हा तक्रार नव्हती, शवविच्छेदन नव्हतं, आता काय सिद्ध करणार? रुपालीने दोनदा अर्ज दिला, दोनदा तेच उत्तर आलं. कागदांच्या खटल्यात तीही साक्षीदार होती. तिचं काम एकाच तारखेचं होतं, पण ती प्रत्येक तारखेला जायची. सेवाकेंद्रातून सुट्टी घ्यायची, धुतलेली साडी नेसायची आणि हिंमतराव जिथे बसतील त्यांच्या बरोबर समोर बसायची. बोलायची नाही. फक्त पाहायची.

पाचव्या तारखेला कोर्टाच्या आवारात हिंमतराव एकटेच आले होते. आधी त्यांच्यासोबत दहा-दहा माणसं असायची. दाढी वाढली होती. ते उठून तिच्या बाकापाशी आले.

"गोपालच्या नावानं शाळेले खोली बांधून देतो म्हणतो," ते म्हणाले. "नाव लावू. मोठ्या अक्षरात."

"नका बांधू."

"मंग तुले काय पायजे?"

"काई नाई."

"तं येतं कायले दर टायमाले? तुही साक्ष झाली ना."

"तुमाले पाहाले येतो," रुपाली म्हणाली.

हिंमतराव तिथेच उभे राहिले. मग दारातून शिपायाने त्यांचं नाव पुकारलं, मागे राव न लावता, नुसतं हिंमत आणि बापाचं नाव. ते खाली मान घालून आत गेले. रुपालीने पदर नीट केला आणि त्यांच्या मागोमाग जाऊन पहिल्या बाकावर बसली.